झाकणाच्या आत

मे महिन्यात नागपुरात कुणी आपणहून कूलर बंद करत नाही. त्या रविवारी डॉक्टरसाहेबांनी केला. सकाळचे सव्वासात झाले होते. धरमपेठेतल्या त्यांच्या बैठकीत आम्ही सहा जण होतो, टिपॉयवर तर्री पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा होत्या, आणि कूलरची घरघर थांबल्यावर खोलीत एकच आवाज उरला. वाळलेली तुरीची शेंग कानाशी हलवावी तसा, पण फार बारीक आणि फार भरभर. घड्याळ या हातातून त्या हातात जात होतं. ज्याच्या कानाशी असेल तो डोळे मिटून घ्यायचा. मानेवरून घामाचे ओघळ उतरत होते, तरी कूलर लावा असं कुणी म्हटलं नाही.

"आठ," आमच्यातला सर्वांत लहान मेंबर म्हणाला. तो मिहानमध्ये एका कंपनीत आहे. "सेकंदाला आठ ठोके. मोजता येऊन नाही राहिले, पण आहेत आठच."

माझ्या मनगटावर बाबांचं एचएमटी जनता होतं. त्याचे सेकंदाला पाच. मी ते काढलं आणि दुसऱ्या कानाला लावलं. एका कानात पाच, दुसऱ्यात आठ. पाचाची चाल मला झोपेतही ओळखता येईल, रात्री उशिरा घरी परतलेलं माणूस जिना चढतं तशी. आठाची चाल नवी होती. घाईची म्हणणार नाही, ताजी म्हणेन. पुन्हा माझी पाळी येईपर्यंत मला चैन पडलं नाही.

आमच्याकडे, म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडे, घड्याळाला घडी म्हणतात. पुण्याची माझी मामेबहीण हे ऐकलं की अजून विचारते, कोणत्या कपड्याची? लिहिताना मी घड्याळ लिहितो आहे, पण त्या खोलीत त्या सकाळी हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. घडीच होती ती.

डॉक्टर हाडांचे. त्यांची मुलगी व्हिएन्नात शिकते, तिनं सुटीत येताना ती आणली. मागणी नोंदवून बरेच महिने वाट पाहावी लागली होती. किंमत डॉक्टरांनी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. आमच्या रविवारच्या बैठकीचा तो न लिहिलेला नियम आहे. दुसरा नियम मी भांडून करून घेतला आहे: अमुक घड्याळ तीन वर्षांनी किती वाढेल, ही चर्चा इथं करायची नाही. घड्याळाच्या शौकात अलीकडे हा एक रोग शिरला आहे. लोक तिजोरीत बंद ठेवण्यासाठी घड्याळं घेतात, त्यांना चावी देत नाहीत, आतलं तेल जागच्या जागी सुकतं. ज्या माणसानं ते महिनोन्‌महिने डोळ्याला भिंग लावून घडवलं त्याचा हा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

घड्याळाचं नाव फेलिक्स, आणि ते बनवणारे हाब्रिंग. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला कॅरिंथिया प्रांतात फ्योल्करमार्क्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथं रिचर्ड आणि मारिया हाब्रिंग या नवरा-बायकोनी २००४ साली आपला कारखाना काढला. त्यांच्या तबकडीवर नावाच्या खांद्याशी बारीक दोनचा आकडा असतो, गणितात आपण वर्ग लिहितो तसा. दोघांचा संसार, दोघांचा कारखाना, म्हणून दोन. आमच्यातल्या विज्ञानाच्या मॅडम पहिल्या दिवसापासून त्याला 'हाब्रिंगचा वर्ग' म्हणत आल्या आणि आता आम्ही सगळेच तसं म्हणतो.

रिचर्ड हाब्रिंग आधी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीत होते. तिथून १९९२ साली 'डोपेलक्रोनोग्राफ' निघालं, त्यातली मुख्य युक्ती त्यांची. दोन सेकंदकाटे एकावर एक बसवलेले. दोन धावपटू एकदम सुटले की दोन्ही काटे जोडीनं धावतात. पहिला पोचला, बटण दाबलं, एक काटा थांबला, दुसरा चालूच. थांबलेल्याची वेळ टिपून घ्या, पुन्हा बटण दाबा, की तो उडी मारून धावत्या जोडीदाराला गाठतो. ही यंत्रणा पूर्वी इतकी नाजूक आणि खर्चिक असे की मोजक्यांच्याच नशिबी येई. हाब्रिंगनी ती सोपी आणि पक्की केली. अशा माणसानं स्वतःच्या नावाचं घड्याळ काढताना काय काय घातलं असेल असं वाटतं, आणि फेलिक्समध्ये पाहावं तर तास, मिनिट, एका छोट्या वर्तुळात सेकंद, बस्स. तारीखसुद्धा नाही. साडेअडतीस मिलिमीटरचा गोल, रोज हातानं चावी द्यायची. वर्षाला सगळी मिळून दोनशेच्या आसपास घड्याळं त्या कारखान्यातून बाहेर पडतात.

आतलं यंत्र मात्र त्यांचं स्वतःचं. पूर्वी छोटे कारागीर मोठ्या कारखान्यांकडून कच्ची यंत्रं घेत आणि त्यावर आपलं काम करत. ती यंत्रं मिळणं अवघड होत गेलं, तेव्हा या दोघांनी २०१४ च्या सुमारास आपलं यंत्र उभं केलं. छोट्या कारखान्यानं असं करणं म्हणजे काय, हे हाब्रिंगच्या घड्याळापेक्षा मला आमच्या बैठकीतल्या, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेल्या सर्व्हेयर काकांनी जास्त चांगलं समजावलं. ते म्हणाले, "लोणचं तर सगळेच घालतात हो. यांनी कैरीचं झाड लावलं."

या लोकांना स्वतंत्र घड्याळकार म्हणतात. मोठ्या कंपनीच्या छत्राखाली नसलेले, आपल्या नावानं, चार-सहा किंवा फार तर वीस-पंचवीस हातांनी काम करणारे. यांची जमात टिकली हेच नवल आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोनं 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ विकायला काढलं. बॅटरी, गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक, आणि वेळ अशी की कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, चालणाऱ्या कुठल्याही घड्याळाला गाठता येऊ नये. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यातले नव्वद हजारांपैकी दोन-तृतीयांश कामगार बाहेर पडले. लेथ, कानशी, हत्यारं भंगाराच्या भावात गेली. आणि नेमक्या त्या पडत्या काळात, १९८५ साली, स्वेंड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेसे या दोघांनी एकेकट्या कारागिरांची एक अकादमी स्थापली. जगाला ज्याची गरज उरली नव्हती ते काम शिकत राहायचं, एकमेकांना दाखवत राहायचं, एवढंच तिचं काम. आज आम्ही नागपुरात कूलर बंद करून बसतो ते या लोकांनी तेव्हा हत्यारं खाली ठेवली नाहीत म्हणून.

ऐकून झालं, मग पाहणं सुरू झालं. डॉक्टरांकडे चांगला आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, आहे. घड्याळ पालथं केलं, मागून काच, आणि काचेखाली ते सगळं शहर. मोठा डबा, त्यात मुख्य कमान. तिथून चाकांची रांग. शेवटी सुटचक्र, त्याला अडवणारी आणि सोडणारी छोटी काटकी, आणि सगळ्यांच्या वर इकडून तिकडे डोलणारं तोलचक्र. तोलचक्राच्या पोटात केसाएवढी बारीक कमान श्वास घेतल्यासारखी फुलते आणि मिटते. दिवसाला ६,९१,२०० ठोके. मॅडमनी हा गुणाकार तोंडी केला आणि लगेच जनताचाही केला: ४,३२,०००. माझ्या वडिलांचं लग्न १९७४ चं, घड्याळ तेव्हाचं. तेव्हापासूनचा गुणाकार करू नका, असं मीच त्यांना म्हटलं. तो आकडा ऐकायची माझी तयारी नव्हती.

सर्व्हेयर काका कमानीकडे फार वेळ पाहत राहिले.

"हिचं लोखंड झीरो माइलला ओळखते," ते म्हणाले. झीरो माइल म्हणजे आमच्या नागपुरातला, जमीन मोजणाऱ्यांचा खुणेचा दगड.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कुठंही जोडून पाहिलं नव्हतं. उन्हानं पोलाद मऊ पडतं, तोल धरून ठेवणारी कमान ढिली होते आणि घड्याळ मागे राहतं. जुन्या पोलादी कमानीच्या घड्याळात एका अंशाला दिवसाचे दहा-अकरा सेकंद जात. आपल्या जानेवारीतल्या पहाटेचा १० अंशांचा गारठा आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार यांत घड्याळाचे दिवसाला सहा मिनिटं इकडचे तिकडे. नागपुरात असं घड्याळ लावायचं तर ऋतू पाहून लावावं लागलं असतं. तिकडे स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए नावाच्या घड्याळजींच्या गावात, घड्याळजींच्याच घरात, १८६१ साली शार्ल एदुआर गियोम जन्मला. तो पॅरिसजवळच्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात कामाला लागला. प्लॅटिनमच्या मापपट्ट्या परवडत नाहीत म्हणून स्वस्त आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात न वाढणारी धातू शोधत होता. १८९६ साली त्याला ती सापडली: लोखंडात ३६ टक्के निकेल. नाव पडलं इन्व्हार. जमीन मोजणाऱ्यांनी तिच्या तारा केल्या, पट्ट्या केल्या.

"मी स्वतः इन्व्हारची पट्टी घेऊन लेव्हल घेतली आहे," काका म्हणाले. "उन्हात उभी करा, सावलीत उभी करा, तिचं बोलणं बदलत नाही."

त्याच शोधाच्या पुढच्या पायरीवर गियोमला अशी मिश्रधातू मिळाली जिचा ताठपणाच उन्हानं बदलत नाही. तिच्या कमानी झाल्या. १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल या माणसाला मिळालं. आज बहुतेक यांत्रिक घड्याळांत जी केसाएवढी कमान डोलते ती त्या धातूची किंवा तिच्या वंशातली. झीरो माइलचा दगड उभारला १९०७ साली. त्याच्याजवळून मी रोज बँकेत जातो. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब एवढंच दिसायचं. आता तिथून जाताना हात आपोआप मनगटाकडे जातो.

मग टीव्हीवर फोटो लावले. डॉक्टरांकडची फेलिक्स ही आमच्या आवाक्यात आलेली एक. पण जिनीव्हाच्या रेजेप रेजेपीचं काम आम्ही फोटोतच पाहतो आणि पुढंही फोटोतच पाहणार आहोत, याचं मला दुःख नाही. हा मुलगा कोसोवोचा. तिथं युद्ध पेटलं तेव्हा शाळकरी वयात स्वित्झर्लंडला आला, पंधराव्या वर्षाच्या आसपास पाटेक फिलिपमध्ये उमेदवारीला लागला, आणि २०१२ साली, पंचविशीत, स्वतःचं दुकान मांडून बसला. 'अक्रिव्हिया' हे त्याचं नाव. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षी जिनीव्हाच्या मोठ्या स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळांचं बक्षीस त्याच्या 'क्रोनोमेत्र काँतांपोरें'नं नेलं. दुसऱ्या आवृत्तीत सेकंदकाटा सरकत नाही, टक् टक् करत सेकंदाला एकच पाऊल टाकतो. पहिल्यांदा व्हिडिओ दाखवला तेव्हा आमचा मिहानचा मेंबर ओरडला होता, "हे तर बॅटरीचं आहे!" बॅटरीचं घड्याळ जे फुकटात करतं ते कमानीकडून करवून घ्यायला त्या माणसाला चाकांची आणखी एक वेगळी रांग बसवावी लागली.

फोटो मोठा करून आम्ही पाहतो ते मात्र काट्यांना नव्हे, कोपऱ्यांना. यंत्रातल्या पितळी पुलांच्या, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा तिरप्या घासून आरशासारख्या चमकवलेल्या असतात. बाहेर वळणारी कड यंत्रानं करता येते. पण कड जिथं आत वळते, खोलीच्या कोपऱ्यासारखी, तिथं फिरणारं हत्यार पोचत नाही. ते गोल आहे, कोपरा टोकदार आहे. तिथं माणूस बसतो, कानस घेऊन, मग दगड घेऊन, आणि शेवटी जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाची वाळकी काडी घेऊन. स्वित्झर्लंडच्या व्हॅले द झू या घड्याळांच्या खोऱ्यात हे झाड आपल्याकडे रानात टाकळा उगवतो तसं उगवतं. तिच्या मऊ गाभ्यावर चिमूटभर पूड घ्यायची आणि कड घासत राहायची. त्याच खोऱ्यातला फिलिप डुफूर हा या कामाचा आज सगळ्यांनी मान्य केलेला गुरू. त्याचं 'सिंप्लिसिटी' २००० साली आलं. त्यातही फक्त तास, मिनिट आणि सेकंद.

पोलादी भागांचं आणखी एक काम असतं, त्याला काळी पॉलिश म्हणतात. कथलाच्या सपाट पत्र्यावर हिऱ्याची पूड घेऊन भाग इतका सपाट घासायचा की एका बाजूनं पाहिलं तर लख्ख पांढरा आणि जरा कलता केला की डांबरासारखा काळा. मधला करडा रंग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. मॅडम म्हणाल्या, तांदूळ निवडताना आई असाच सूप कलता करायची, खडा त्या एका कोनातच दिसायचा.

हे सगळं पाहताना मला नेहमी इंग्लंडजवळच्या एका बेटावरची गोष्ट आठवते. आइल ऑफ मॅन बेटावर जॉर्ज डॅनियल्स राहत. घड्याळाचा प्रत्येक भाग, डब्यापासून काट्यापर्यंत, एकट्यानं करणारा माणूस. रॉजर स्मिथ नावाच्या तरुणानं त्यांचं शिष्यत्व मिळावं म्हणून स्वतः एक खिशातलं घड्याळ बनवून नेलं. डॅनियल्सनी ते पाहिलं आणि परत केलं. कारण असं सांगितलं की हे हातानं केलेलं दिसतं. दिसता कामा नये. स्मिथ घरी गेला आणि दुसरं घड्याळ करायला घेतलं. पाच वर्षांहून जास्त लागली. भाग करायचे, मनासारखे नाहीत म्हणून पुन्हा करायचे. १९९८ साली ते घेऊन तो गेला, तेव्हा डॅनियल्सनी एकेक भागाबद्दल विचारलं की हा कुणी केला, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच होतं. तेव्हा कुठे त्याला घड्याळजी म्हटलं गेलं.

हातानं करायचं आणि हात दिसू द्यायचा नाही. ही शिस्त मला फार मोठी वाटते. पण ती माझ्या गळी पूर्ण उतरत नव्हती, आणि का उतरत नव्हती ते मला नागपूरच्या महाल भागात कळलं.

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी डॉक्टर आणि मी बडकस चौकाकडे गेलो. डॉक्टरांचीच इच्छा होती. एका जिन्याखाली, चार फूट रुंद, काचेची पेटी आणि एक स्टूल एवढं ते दुकान आहे. आमच्या घरची सगळी घड्याळं तिथं जात आली आहेत. तिथले घडीवाले काकाजी, त्यांना आता सत्तर उलटली. मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, हात मात्र हलत नाही.

डॉक्टरांनी डबी पुढं केली. काकाजींनी आधी साबणानं हात धुतले, पेटीवर कोरा पांढरा कागद पसरला, पंखा बंद केला. मग आयग्लास लावून घड्याळ पालथं केलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. रस्त्यावरून वरातीची बँडगाडी गेली, त्यांनी मान वर केली नाही.

"स्क्रूच्या खाचा पाहा जी," शेवटी ते म्हणाले. "एकीलेही ओरखडा नाही. बसवणाऱ्यानं पेचकसाचं पातं घासून घेतलं असन हर स्क्रूसाठी."

मी मोबाइलवर रेजेपीच्या घड्याळाचा फोटो काढून दिला, आतला कोपरा मोठा करून. त्यांनी आयग्लास न काढता मोबाइल डोळ्याजवळ नेला. मग बोटाचं नख त्या कोपऱ्याच्या जागी काचेवर टेकवलं.

"इथं कानस शिरत नाही," ते म्हणाले. "अडकते. किती वेळ बसला असन हा माणूस?" आणि थोड्या वेळानं, "पैसे तर देतात ना त्याले बरोबर?"

डॉक्टर म्हणाले, देतात. काकाजींनी मान डोलावली. फेलिक्स पुन्हा उचलली, मागची काच पाहिली, कड पाहिली, पुन्हा काच पाहिली.

"हे मागून पूर्ण काचच आहे."

"हो. आतलं दिसावं म्हणून."

"मग निशाणी कुठं करन?"

डॉक्टरांना कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. काकाजींनी माझ्या मनगटाकडे हात केला. मी जनता काढून दिलं. त्यांनी पात्याचं टोक कडेला लावून मागचं झाकण उचकटलं आणि आतली बाजू आमच्याकडे केली.

पन्नास वर्षं हे घड्याळ आमच्या घरात आहे. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, जावयाला लग्नात दिलेलं. १९६१ साली सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला होता, आणि सत्तरच्या दशकात एचएमटी मिळणं ही सहज होणारी गोष्ट नव्हती. आजोबांनी ते कसं मिळवलं, यावर आई अजून अर्धा तास बोलू शकते. बाबांनी ते निवृत्तीपर्यंत घातलं. २०१६ साली सरकारनं एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायचं ठरवल्याची बातमी आली, तेव्हा बाबा नव्हते. घड्याळ माझ्या हातावर होतं. इतकं सगळं मला माहीत होतं, आणि झाकणाची आतली बाजू मी कधी पाहिली नव्हती.

तिथं टोकदार सुईनं कोरलेले आकडे होते. काकाजींनी आयग्लास माझ्या डोळ्याला लावून दिला. ७-७८. त्याखाली ११-८३. मग थोडी जागा सोडून ४-९१, ६-२००२, १२-२०१४.

"हे वरचे दोन माझ्या बाबाचे," ते म्हणाले. "आठ पाहा त्याचा. खालून वर घेत होते ते. मी लय भांडलो, लोकांना वाचता येत नाही म्हणून. खालचे तीन माझे."

डिसेंबर २०१४ मला आठवला. बाबांचं आजारपण तेव्हा सुरू झालं होतं. दवाखान्यातून परतताना त्यांनी मला सांगितलं होतं, घडी थांबली आहे, महालात टाकून ये. मी टाकून आलो होतो. ते सगळं पुसट झालं होतं, आणि इथं महिन्यासकट कोरलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "काकाजी, आता कंपनी कम्प्युटरवर नोंद ठेवते. कधी उघडलं, काय केलं, सगळं."

"कंपनीजवळ राहते ते," काकाजी म्हणाले. "घडीजवळ नाही राहत. उद्या घडी दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातात गेली, तर तिथल्या घडीवाल्याले कसं कळन की कोणी तेल दिलं आन कधी दिलं? तो झाकण खोलन आन पाहीन. आम्ही एकमेकाचे असेच ओळखतो. कधी कलकत्त्याची निशाणी येते, कधी जबलपूरची. आकडे मोडी, उर्दू, बंगाली, काहीपण. महिना-साल मात्र सगळ्यांचं असते."

आजकालच्या शौकिनांना हे ओरखडे आवडत नाहीत हे मी जाणतो. विकायला काढलेल्या घड्याळाच्या आतली पाटी स्वच्छ असेल तर भाव चढतो. बनवणारा महिनोन्‌महिने बसून आपल्या हाताची खूण पुसून टाकतो, ती आत एकही राहू देत नाही, आणि पुढं ते घड्याळ चालतं ठेवणारा प्रत्येक माणूस त्याच घड्याळाच्या पोटात आपली खूण कोरतो. मला दोघंही हवे आहेत. रेजेपीच्या कोपऱ्यापुढं माझा श्वास आजही अडकतो. पण डॅनियल्सची गोष्ट सांगताना इतकी वर्षं मला काय कमी वाटत होतं ते त्या झाकणावर होतं. हाब्रिंगनी आणि त्यांच्यासारख्यांनी इतक्या मायेनं घडवलेल्या या घड्याळांनाही पाच-सात वर्षांनी तेल लागणार, पन्नास वर्षांनी ती अनोळखी गावात, अनोळखी टेबलावर उघडी पडलेली असणार. तेव्हा तिथल्या माणसाला आधीच्यांचा काही निरोप मिळावा असं मला वाटतं. डॉक्टरही हाच विचार करत असावेत. ते काचेच्या भोवतीची पोलादी कड अंगठ्यानं चाचपून पाहत होते, तिच्या आतल्या बाजूला चार आकडे मावतील का म्हणून.

माझ्या घड्याळाला अकरा वर्षं झाली होती. काकाजी म्हणाले, ठेवून जा, शनिवारी या. शनिवारी गेलो तेव्हा त्यांनी भाग पेट्रोलमध्ये धुऊन, सुकवून, तेल देऊन पुन्हा बसवलेले होते. पाचाची ती जिन्यावरची चाल आता जरा तरुण झाली होती. फक्त झाकण लावायचं बाकी होतं. मुद्दाम ठेवलं होतं. मी आल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, खिडकीकडे वळले आणि सुईनं कोरायला लागले. बारीक, आधीच्या तिन्हीपेक्षा बारीक. आठ त्यात नव्हता.

मी विचारलं, "काकाजी, आता किती जागा उरली?"

त्यांनी आयग्लासमधून पाहिलं.

"चार-पाचांची आहे," ते म्हणाले, आणि झाकण दाबून बसवलं.